रोझी जेवली नाही

शेवंतीचा वास आला की माझं जेवणावरचं मन उडतं. नवरात्रात इथे कोपऱ्याकोपऱ्यावर शेवंतीचे ढीग लागतात, पिवळे आणि पांढरे, आणि ओल्या गोणपाटाखालून तो कडसर, थंड वास गल्लीभर पसरतो. सगळ्यांना सण चढतो. मी पानावर बसते आणि घास तोंडातल्या तोंडात फिरत राहतो. सून म्हणते, अत्ते, उपास धरलाय तर सांगून तरी धरा. मी हसून टाळते.

आता आम्ही कुवेंपुनगरात राहतो. सज्जात उभी राहिले की समोरच्या स्टँडवर रिक्षा धुतलेल्या दिसतात, काचांना केळीचे कोंब बांधलेले, आणि शेजारी कोहळ्यांची रास. नवमीला आयुधपूजा झाली की एकेक कोहळा चाकापुढे आपटायचा, आत कुंकू भरलेला. रस्ता लाल होतो. लहान होते तेव्हा तो लाल रंग बघायला मी धावत जायची. आता दार लोटून घेते.

परवा मुलाच्या स्कूटरवर मागे बसून मार्केटला निघाले होते. दसऱ्याच्या मिरवणुकीच्या वाटेवर पोलिसांची कुत्री आणली होती, कडेचे कठडे, कचऱ्याचे डबे हुंगायला. मुलाने गाडी थांबवली. लोक कुत्र्यांची अंगकाठी बघत होते, छाती बघत होते. मी तोंड बघत होते. उघडं आहे की मिटलेलं? जीभ सैल लोंबते आहे की ओठ घट्ट? त्यात एक काळं-तांबडं कुत्रं होतं. तोंड मिटून पुन्हा पुन्हा नाक चाटत होतं. त्याला तहान नव्हती, भीती होती. वाटलं, उतरून त्या शिपायाला सांगावं. आणि लगेच वाटलं, तू गप्प बस. तू एकदा सांगितलं होतंस.

बन्नूर रस्त्याला, त्या वेळी शहर संपायचं त्याच्याही पुढे, पत्र्याचं छप्पर आणि तारेचं कुंपण असलेली एक जागा होती. आम्ही सगळे तिला यार्ड म्हणायचो. फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार तिथे कुत्री तयार करत आणि गोदामांना, गिरण्यांना राखणीला देत. कुत्रं आणि त्याची साखळी धरणारा माणूस अशी जोडीच जायची. माझा नवरा लॉरीवर होता, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. चामराजपुरमच्या वठारात, म्हणजे एका अंगणाभोवतीच्या भाड्याच्या खोल्यांत, मी, माझे सासरे आणि पाळण्यातून नुकता बाहेर आलेला मुलगा. यार्डात कुत्र्यांची रागी, म्हणजे नाचणी, शिजवायला बाई हवी आहे, असं शेजारणीने सांगितलं. मुलाला तिच्याकडे ठेवून मी जाऊ लागले.

मी फार लाजरी. दुकानात माझी पाळी आली तरी मागच्याला पुढे जाऊ द्यायची. सुभेदारांशी तर कितीतरी दिवस मी मान हलवूनच बोलले. कुत्र्यांशी मात्र भडाभडा बोलायची, तेही मराठीत. यार्डात बोलणं सगळं कन्नड. कुत्र्यांना हुकूम इंग्रजीतले, सिट आणि स्टे. मधली माया तेवढी मराठीतली. एकदा भांडी घासता घासता मी एका भेदरलेल्या पिल्लाची समजूत घालत होते, ते सुभेदारांनी ऐकलं. त्याची साखळी आणून माझ्या ओल्या हातात ठेवली. रागी शिजवणं सुटलं नाही, पण त्या दिवसापासून मीही कुत्री धरू लागले.

कुत्रं राखणीला लायक आहे की नाही हे कसं बघायचं, ते त्यांनी मला शिकवलं. दचकलं म्हणून नापास करायचं नाही, ते म्हणत. दचकत नाही ते बहिरं असेल. दचकून परत येतं का ते बघ. डबा आपटला, कुत्रं मागे सरलं, हरकत नाही. मग ते पुढे होऊन डबा हुंगतं का? हुंगलं तर कामाचं. लांबूनच भुंकत राहिलं तर नाही.

ही गोष्ट मी तेव्हापासून माणसांनाही लावत आले आहे. जास्त करून स्वतःलाच. चौथीत असताना शाळेत तपासणीला साहेब आले होते. त्यांनी मला नाव विचारलं. मला माझं नाव आठवेना. मुली हसल्या. साहेबही हसले, पण मायेने, आणि पुन्हा विचारलं. मी खाली बसले. पुढच्या वर्षी धाकटा भाऊ झाला आणि माझी शाळा सुटली, त्याचा साहेबांच्या प्रश्नाशी काही संबंध नाही. पण सुभेदार शिकवत होते तेव्हा मला तो वर्ग दिसत होता. मी दचकले होते आणि डबा हुंगायला परत गेलेच नव्हते.

आणखी एक गोष्ट ते सांगत. परीक्षा मैदानात संपत नाही, थाळीत संपते. दिवसभर माणसाच्या भरवशावर धीट दिसलेलं कुत्रं संध्याकाळी एकटं थाळीपाशी गेलं की खरं बोलतं. पोटात भीती बसली असेल तर अन्न आत जात नाही. रागीचं भांडं माझ्या हाती, म्हणून हा शेवटचा निकाल बघायचं काम माझ्याकडे आलं. मी आडोशाला उभी राहायची, चुचकारायचं नाही, हाक मारायची नाही, नुसतं बघायचं. ते विचारत, मी मान हलवायची. मला त्याचा अभिमान होता. बाहेरच्या जगात माझ्या मान हलवण्याला कुठेच किंमत नव्हती.

रोझी अल्सेशियन म्हणून आली होती. एक कान ताठ उभा राहायचा, दुसरा अर्ध्यावर विसरून जायचा. तिला शिवण्णा धरायचा. शिवण्णाचा डावा पाय लहानपणीच्या तापात वाळलेला, चालताना एका बाजूला झुकायचा. बाकीची कुत्री त्याला ओढत नेत, एकदोनदा त्याला पाडलंही होतं. रोझीने मात्र त्याच्या चालीचं माप आपणहून घेतलं. तो झुकला की ती क्षणभर थांबायची, जणू दोघांचा मिळून एकच पाय आखूड आहे. शिवण्णा बोलका. मला अक्का म्हणायचा आणि दिवसातून एकदा तरी चिडवायचा. अक्का, तुझ्या मराठीने कुत्री बिघडणार. उद्या चोर आला तर ये बाळा म्हणून त्याला पाटावर बसवतील.

त्या वर्षी एका रेशमाच्या गोदामाला कुत्रं हवं होतं. राखणदाराला राहायला तिथेच खोली. रोझी पास झाली तर शिवण्णा आणि ती जाणार. त्याची बायको आणि मुलगी लग्नानंतर कधी धडपणे त्याच्यापाशी राहिल्या नव्हत्या, माहेरीच असत. तो दुरून खोली बघून आला होता. चूल कुठे, मुलीचं अंथरूण कुठे, सगळं त्याने मनात मांडून टाकलं होतं. नळ खोलीच्या आतच आहे अक्का, हे त्याने मला किती वेळा सांगितलं असेल. आतच. बाहेर रांग नाही.

सुभेदारांनी रोझीची परीक्षा मुद्दाम नवमीला ठेवली. सगळं शहर वाजत असतं, वेगळे आवाज करायला नकोत, असं त्यांचं म्हणणं.

नवमी म्हणजे आमच्या घरी खंडेनवमी. आमचे पूर्वज राजाच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. त्यांची एक तलवार उरली होती. मामंजी ती आदल्या दिवशी चिंचेने घासत आणि नवमीला पाटावर ठेवत. मामंजी म्हणजे माझे सासरे. माझी चौथी कन्नड शाळेतली. मराठी लिहायला-वाचायला मला त्यांनीच पोथीवर बोट ठेवून शिकवलं. कुळदैवत खंडोबा, ज्याला इथली माणसं मैलार म्हणतात, आणि कुत्रं हे त्याचं. म्हणून आमच्यात तलवारीला दाखवलेला नैवेद्य आधी कुत्र्याच्या तोंडी जातो, मगच घरातली पानं वाढतात. सासूबाई गेल्यावरही मामंजींनी ते मोडू दिलं नाही.

त्या सकाळी मी घाईने पुरणपोळ्या लाटत होते. मामंजी गल्लीत दोन चकरा मारून आले आणि म्हणाले, फटाक्यांनी सगळी कुत्री पळाली, एक दिसत नाही. मी तव्याकडे बघतच म्हटलं, आमच्या यार्डात कुत्र्यांना काय तोटा. बोलून गेले, पदर खोचला आणि बस गाठायला धावले. बसलाही केळीचे कोंब बांधले होते. ड्रायव्हरच्या पुढ्यात शेवंतीची जाड माळ डुलत होती आणि तो वास सबंध वाटभर माझ्या अंगावर येत होता.

यार्डात आम्ही साखळ्या, वेताच्या छड्या, चावायला देतात ती गोणपाटाची जाड बाही, सगळं धुऊन ओळीने मांडलं. कुत्र्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात माळा घातल्या. परीक्षेच्या दिवशी रोझीला काही द्यायचं नव्हतं, तोंड कोरं ठेवायचं. तिला करंजाच्या झाडाखाली एकटी बांधून आम्ही सगळे पुढच्या फाटकापाशी गेलो. जीपची पूजा झाली, कोहळा फुटला, प्रसाद वाटला. सुभेदार त्या दिवशी सगळ्यांना पोटभर हसू द्यायचे. बराच वेळ आम्ही तिकडेच होतो.

मग परीक्षा. ती दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढे ऊन जसं पडलं होतं तशी आहे. कागदी पिशवी फुगवून फोडली, रोझीने नुसता कान वळवला. घोंगडी पांघरलेला माणूस अचानक छत्री उघडून समोर आला. ती शिवण्णाच्या पुढे झाली आणि उभी राहिली, भुंकली नाही. सुभेदारांनी मागून पत्र्याचा डबा दगडावर आपटला. तेव्हा ती दचकली. पोट जमिनीला टेकलं, कान मागे गेले. मग ती उठली, डब्यापाशी गेली, आत नाक घालून हुंगलं आणि शिंकली. सुभेदार मिशीत हसले. बाहीला तिने धरलं ते हुकूम होईपर्यंत सोडलं नाही. शेवटी यार्डात कधी न आलेल्या एका माणसाने तिच्यापुढे मटणाचा तुकडा टाकला. तिने तुकड्याकडे पाहिलं, मग शिवण्णाकडे, आणि तोंड फिरवलं. शिवण्णाने माझ्याकडे बघून हळूच हाताने नळ सोडल्याची खूण केली.

उरली फक्त थाळी.

उन्हं कलल्यावर मी मुद्दे, म्हणजे रागीचा शिजवलेला गोळा, त्यात तिला आवडणारं काळीज कुस्करून थाळीत घातला, थाळी तिच्यापुढे ठेवली आणि आडोशाला गेले. रोझीने थाळी हुंगली. मान वर करून इकडेतिकडे पाहिलं. मग थाळीकडे पाठ करून पंजांवर हनुवटी टेकली. मी थांबले. मनातल्या मनात मराठीत म्हणत राहिले, खा गं, खा ना. माश्या बसू लागल्या. पलीकडे शिवण्णा पाय धुता धुता काहीतरी गुणगुणत होता.

सुभेदार आले.

“अम्मा, जेवली का?”

मान हलवून भागलं असतं. पण परीक्षा मोठी होती, म्हणून मी तोंडाने बोलले.

“नाही, सार. रोझी जेवली नाही.”

खरं तेच बोलले. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली, आणि शिवण्णाला सांगायला स्वतः गेले. शिवण्णा म्हणाला, सणाचा दिवस आहे सार, आज तिचंही मन ठिकाणावर नसेल. नेहमीसारखं हसत म्हणाला. कुणीच हसलं नाही.

घरी पोचले तर मामंजी जेवून सुपारी कातरत बसले होते. फार खुशीत होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि म्हणाले, “तुळजा, तुमच्या यार्डातलं ते अर्ध्या कानाचं कुत्रं मोठं शहाणं. गळ्यात माळ, कपाळी कुंकू, देवानेच सजवून बसवलेलं. सगळ्या पोळ्या खाल्ल्या आणि डबा चाटून दिला.” ते दुपारी बसने आले होते. मागच्या बाजूने. आम्ही सगळे कोहळा फोडत होतो, म्हाताऱ्याला अडवायला तिथे कोणी नव्हतं. नैवेद्य पोचला या समाधानात त्यांनी मला हाकही मारली नाही, सुनेच्या कामात अडचण नको म्हणून.

मी पानावर बसले. शेवंतीची एक पाकळी माझ्या केसांतून पानात पडली. तिथपासून तो वास आणि अन्न यांचं माझ्यात जुळत नाही.

मामंजींना मी काही बोलले नाही. त्यांचं काय चुकलं? त्यांनी देवाच्या कुत्र्याला देवाचं अन्न दिलं. वाट तर मीच दाखवली होती. आणि ज्या कुत्रीचं पोट पुरणाने भरलं आहे ती संध्याकाळी रागी खाणार नाही, यात भीती कुठली? मला उलट हायसं वाटलं. उद्या जाऊन सांगितलं की झालं.

दशमीच्या सकाळी सगळं गाव राजवाड्याकडे लोटत होतं आणि माझी बस उलट्या दिशेने रिकामी चालली होती. वाटभर मी वाक्य घोकलं. यार्डात उतरले आणि न थांबता सुभेदारांपुढे जाऊन सगळं सांगितलं. इतकं लांब मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. त्यांना आधी हसू आलं, आमच्या रीतीचं. मग हसू हळूहळू मावळलं.

“म्हणजे परक्याच्या हातचं खाल्लं,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “आणि मटण सोडलं ते इमानाने नाही, अम्मा. पोटात जागा नव्हती म्हणून.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल मी बोलले तेव्हा तिची एक गोष्ट गेली होती. आज मी बोलले आणि तिने कमावलेली दुसरीही गेली. शिवण्णा जवळच उभा होता. त्याने विचारलं, पुन्हा एकदा घेऊन बघू या का? सुभेदारांनी नकारार्थी मान हलवली. दुसरी परीक्षा कुत्र्याची नसते, पाठांतराची असते, हे त्यांचं जुनं मत. गोदामाला त्यांनी शब्द दिला होता. दुसरं कुत्रं आणि दुसरा माणूस पाठवायचं ठरलं.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली होती. मामंजी नैवेद्य घेऊन आले तो डबा माझा होता. पितळेचा, माझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. रोज दुपारी करंजाखाली बसून मी त्याच डब्यातून जेवायची आणि रोझी जिभेनं ओठही न चाटता माझ्या पायांशी पडून असायची. त्या डब्याला, त्या फडक्याला माझा वास होता. तिने परक्याच्या हातचं खाल्लं नव्हतं. माझ्या घरचं कोणीतरी माझं अन्न घेऊन आलं आहे हे तिच्या नाकाने बरोबर ओळखलं होतं.

हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. सुभेदार घाईत नव्हते, रागावलेही नव्हते. उलट ते थांबले होते, अजून काही आहे का अशा नजरेनं माझ्याकडे बघत. मी पदराचं टोक पिळत राहिले. दोनदा बोलून दोनदा नुकसान केलं, आता तिसऱ्यांदा तोंड उघडायचं कशाला, असं तेव्हा स्वतःला समजावलं. आता वाटतं, ते कारण नव्हतं. मी दचकले होते, आणि परत आले नाही.

त्याच दुपारी लांबून दसऱ्याच्या तोफा ऐकू आल्या. यार्डातली सगळी कुत्री उठून भुंकायला लागली. रोझी करंजाखाली कुशीवर पडली होती. तिने ताठ कान तेवढा हलवला, जांभई दिली आणि जीभ बाहेर सोडून पुन्हा झोपली. ते सुभेदारांनी पाहिलं, शिवण्णाने पाहिलं, मीही पाहिलं.

तिला बन्नूरकडच्या एका ऊसवाल्याने नेलं, रानडुकरं हाकायला. शिवण्णाने स्वतः तिला टेंपोत चढवलं. तो पुढे महिनाभरही यार्डात राहिला नाही, दुसऱ्या कुठल्या कुत्र्याची चाल त्याच्याशी जुळणार नव्हती. मी राहिले. फक्त थाळी बघायचं काम मी कुणाला तरी देऊन टाकलं. सुभेदारांनी कारण विचारलं नाही.

उसाच्या चरकाचा हंगाम आला तेव्हा मी बन्नूरच्या बसमध्ये बसले. घरी देवदर्शन सांगितलं. पोळ्या केल्या, त्याच डब्यात भरल्या, तेच फडकं बांधलं. उसाच्या गाड्यांमागून चालत विचारत विचारत गेले. गुऱ्हाळाचा वास दुरूनच लागला. आत इंजिन धडधडत होतं, कढया खणखणत होत्या, माणसं एकमेकांवर ओरडून बोलत होती, आणि त्या गदारोळात चिपाडाच्या ढिगावर रोझी झोपली होती. तोंड उघडं, जीभ सैल. मी लांबच उभी राहिले. तेवढंच बघून परत फिरले असते तरी पुरलं असतं.

पण वाऱ्याने माझा वास तिच्याकडे नेला. ती उठली, धावत आली, माझ्याभोवती इतकी फिरली की तिची मोकळी लोंबती साखळी माझ्या पायांना गुंडाळली. मालकाची बायको गौरम्मा हसायला लागली. माझी विचारपूस केली, उसाचा रस आणते म्हणून आत गेली. जाता जाता म्हणाली, हिला आम्ही एकदाच घालतो, संध्याकाळी, तोवर ही अशीच हुंदडते.

मी डबा उघडला. पोळीचा तुकडा मोडून हातावर धरला. रोझीने हुंगला. तिच्या तोंडातून लाळेची तार निघून माझ्या लुगड्यावर पडली. भूक होती तिला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग गौरम्मा गेली होती त्या दाराकडे. आणि तोंड फिरवलं. फिरवून हनुवटी माझ्या गुडघ्यावर ठेवली, पण हाताकडे बघेना. मी हळू आवाजात म्हटलं, खा गं बाळा. दोन्ही कान, अर्धा सुद्धा, दाराकडेच लागले होते.

गौरम्मा रस घेऊन आली, तिने पाहिलं आणि म्हणाली, “तिन्नु.” खा. तेव्हा रोझीने माझ्या हातावरून तुकडा उचलला, दात लागू न देता.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला तोंड लावून बसले. मला आनंदही झाला होता, हे कबूल केलं पाहिजे. केवढी गुणाची कुत्री! ज्यासाठी ती नापास झाली तेच तिने उपाशी पोटी, माझ्याच हातावर, पास करून दाखवलं. आता तिचं घर ते होतं आणि माझा डबा परका. नवमीला तो परका नव्हता. हे सगळं मला कळलं होतं आणि कळून उपयोग होईल असा कोणी माणूस त्या बसच्या दुसऱ्या टोकाला उरला नव्हता. गोदामाच्या खोलीत दुसऱ्याचीच चूल पेटली होती.

शिवण्णाने फुलांचा धंदा धरला. मार्केटच्या बाहेर, कमानीच्या सावलीत, अजून बसतो. केस पांढरे झाले. बायको जवळ आली ती मुलगी मोठी झाल्यावर. नवरात्रात मी फुलं त्याच्याकडूनच घेते. रस्त्यावरच्या नळावरून भरून आणलेली कळशी त्याच्या शेजारी असते, तो ओंजळीने शेवंतीवर पाणी मारत असतो आणि मी कळशीकडे बघायचं टाळते. रोझी जाऊनही किती काळ लोटला, तरी दर वर्षी तो तिचं काही ना काही काढतोच. अर्ध्या कानावरून हसतो. मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

यंदा मी त्याला सांगितलं. डब्याचं सांगितलं, जे सुभेदारांना सांगितलं नव्हतं. गुऱ्हाळाचं सांगितलं. मी हातावर पोळी धरली, भूक असून तिने तोंड फिरवलं, हुकूम झाल्यावरच घेतली. रोझी लायक होती शिवण्णा, पूर्ण लायक होती, माझ्या डोळ्यांनी बघितलं. वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, त्याचं त्याला परत देते आहे.

तो दोऱ्यात फूल अडकवता अडकवता थांबला. ती लायक होती हे त्याला माझ्याकडून कळायला हवं होतं असं त्याच्या चेहऱ्यावरून मुळीच वाटलं नाही. मग नेहमीसारखं, चिडवत म्हणाला,

“एवढ्या लांब तिला भेटायला गेलीस, अक्का, आणि तिथेही परीक्षाच घेतलीस?”

हसला, माझ्या पिशवीत मापापेक्षा हातभर जास्त माळ टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी माळ घेऊन बसस्टॉपवर उभी राहिले. मला खरंच वाटत होतं की मी मायेने गेले होते. पोळी मायेनेच केली होती. पण तिने तोंड फिरवलं त्या क्षणी माझ्या मनात जे उमटलं ते, पास. ती माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून होती आणि मी तिची थाळी बघत होते.

आज नवमी. मामंजी नाहीत, तलवार आता माझ्याकडे आहे. देवापुढच्या पाटावर ती, तिच्या शेजारी मुलाचा लॅपटॉप, सुनेची शिवणाची कात्री, सगळ्यांवर शिवण्णाची शेवंती. खाली स्कूटरपुढे कोहळा फुटला, त्याचा आवाज वरपर्यंत आला. मी नैवेद्याची पोळी पानावर घेऊन फाटकाबाहेर गेले. समोरच्या रिक्षाखाली एक तांबूस कुत्री फटाक्यांना घाबरून अंग चोरून बसली होती, तोंड मिटलेलं. मी पान तिच्यापासून थोडं लांब ठेवलं आणि वळले. जिना चढताना मान मागे वळत होती, ती वळू दिली नाही.

स्वयंपाकघरातून सुनेने विचारलं, “अत्ते, कुत्र्याने खाल्लं का? पानं वाढू?”

“बघितलं नाही,” मी म्हटलं. “वाढ.”